चंद्रामागची लाट

मनोहर, तुझी पेटी मी सुनंदाला देऊन टाकली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. तसाही धीर तुझ्याजवळ होता तो मशीनसाठी. माणसांसाठी नव्हता.

हे लिहायला तुझ्या कॉलेजवाल्यांनी सांगितलं. त्यांना तुझ्यावर एक छोटी स्मरणिका काढायची आहे. तुझा जन्म, तुझ्या पदव्या, नोकरीची वर्षं हे सगळं त्यांच्या दप्तरात आहे. प्राचार्य घरी आले होते, म्हणाले, "बाई, भाऊ कसा होता याच्या चार ओळी लिहून द्या." कसा होता? हट्टी होता. ही एक ओळ झाली. उरलेलं तीन ओळींत बसेना, म्हणून हे लांबलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यानंतर आई गेली, तू रांगत होतास, आणि माझी शाळा तिथंच थांबली. तेव्हा कुठं चुकलं असेल तर ते छापणाऱ्यानं बघावं.

तू गेल्यावर शेजारच्या गोदाबाई रोज येऊन बसायच्या. त्यांच्यात दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की समजतात, माणसाची काही इच्छा मागे राहिली. मग घरातलं कोणी हात जोडून म्हणतं, अमुक करू, तमुक करू, आणि कावळा येतो. गोदाबाई मला म्हणाल्या, "बाई, तुमच्यात तर कावळा नाही. मंग मनोहरची इच्छा काय राह्यली, हे तुम्हाले कळते कसं?"

मी म्हटलं, "गोदाबाई, त्याची इच्छा चंद्राच्या मागं होती. तिथवर कावळा जाते का?"

त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. ते पिंड, ते कावळे आपण छप्पन साली सोडले. तू तेव्हा कॉलेजात होतास आणि मला घरातले देव बांधून काढायला लावणारा तूच होतास. सोडलं त्याचा मला पस्तावा नाही. फक्त एक झालं. कावळा असता तर त्याच्यावर भार टाकून मी मोकळी झाले असते. आता तुझ्या मनात काय होतं ते मला माझ्याच डोक्यानं ठरवावं लागलं. आणि ते मी ठरवलं म्हणून मला तुझा राग येतो आहे. मेलास तरी काम माझ्याच गळ्यात टाकून गेलास.

तू काय करतोस, असं लोक मला विचारायचे. "कॉलेजात शिकवतो," एवढं मी सांगायची, कारण पुढचं सांगायला लागलं की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलायचा. मला मात्र तू एकदा नीट समजावलं होतंस. मे महिन्याची दुपार होती. लू अशी चालली होती की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. तू मला ओढत गच्चीवर नेलंस.

"बाई, या टाकीच्या मागं उभी राह्य."

"काहून गा? डोकं फिरलं का तुझं?"

"राह्य ना. वारा लागून राह्यला का?"

"नाही लागत."

"आता दोन पावलं मागं सरक. आता?"

"थोडा बाजूनं लागते."

"अजून मागं."

मी सरकत सरकत कठड्याला टेकले तेव्हा लू पुन्हा थोबाडावर आली. तू म्हणालास, सूर्यावरूनही असाच वारा सुटतो. तो हवेचा नसतो, तापून फुटलेल्या बारीक कणांचा असतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. पृथ्वीजवळ मोठं चुंबक आहे, म्हणून तो वारा लांबूनच फाटून बाजूनं जातो. चंद्राजवळ तसं चुंबक नाही. तो बिचारा सगळं अंगावर घेतो आणि त्याच्या मागं पोकळी राहते, टाकीच्या मागे राहिली तशी. ती पोकळी किती लांब जाते, वारा तिच्यात दोन्ही बाजूंनी कसा भरत येतो, हे तू गणितानं शोधत होतास.

"म्हणजे जिथं काहीच नाही, ते तू मोजतोस?"

"हाव."

"अन् त्याच्यासाठी मले उन्हात उभी केली?"

तू हसलास. त्या दिवशी मला कांदा फोडून नाकाला लावावा लागला, ते तुला माहीत नाही. तू लगेच खाली जाऊन कागदांत बसलास.

ते गणित हातानं होणारं नव्हतं. आभाळाचा एक चौकोनी डबा मनानं कापून घ्यायचा, मधे चंद्र ठेवायचा, आणि डब्यात बारीक बारीक घरं पाडायची. एका घरातला वारा क्षणभरात शेजारच्या घरात किती सरकला, हे प्रत्येक घरासाठी काढायचं. मग पुढचा क्षण. मग त्याच्या पुढचा. एवढं करणारी मशीन आपल्या नागपुरात तेव्हा नव्हती. हैदराबादच्या एका संस्थेत होती आणि ती तुला सुट्टीत थोडा वेळ वापरू द्यायची. तुझं गणित होतं पुठ्ठ्याच्या कार्डांवर. बसच्या तिकिटाला पाडतात तशी भोकं पाडलेली कार्डं, पेटीभर. ती पेटी घेऊन तू गाडीत बसायचास आणि आठवड्यानं कागदांचा भारा घेऊन परत यायचास.

त्या कार्डांनी मला जेवढं छळलं तेवढं तुझ्या पोरवयातल्या गोवरानंही छळलं नाही. पावसाळ्यात ती फुगायची. फुगलेलं कार्ड मशीनच्या तोंडात अडकतं आणि सगळा वेळ वाया जातो, असं तू सांगायचास. म्हणून मी तुझ्या पेटीत चुन्याचे खडे कापडात बांधून ठेवायची आणि कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला. गव्हाच्या कोठीत टाकते तसाच. हैदराबादला मशीनवाला तुला म्हणाला होता, "प्रोफेसर साब, आपके प्रोग्राम से नीम की बास आती है." ही गोष्ट तू दहा जणांना सांगितलीस. तो पाला कोणी घातला हे मात्र सांगितलं नाहीस.

मशीन चित्र काढत नव्हती. रुंद रुंद कागदांवर नुसते आकडे यायचे. ते कागद तू पुढच्या खोलीत अंथरायचास आणि सारखे आकडे पेन्सिलीनं जोडत बसायचास, तेव्हा कुठं वाऱ्याचा आकार दिसायचा. दुपारी ताट ठेवायला जागा नसायची. चंद्र ओलांडून मला चुलीपाशी जावं लागायचं. आणि पाय लागला की, "बाई, अगं पोकळीत पाय देऊ नको!"

दर वेळी परत आलास की मी एकच विचारायची, "यंदा छापून येणार का?" तुझं उत्तर ठरलेलं. अजून एकदा करून पाहतो. मला तुझं नाव छापलेलं पाहायचं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. बाबा गिरणीत खपले, मी विड्या वळल्या, ते काय तू खोलीभर कागद अंथरावेस म्हणून? इंग्रजी मला येत नाही, पण तुझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते मी शिकून घेतलं होतं. तुझ्या मास्तरकीच्या पाटीवरून शिकले. म्हटलं, कधी आलं तर ओळखू यावं.

मग सुनंदा आली. काटोलची पोर. तिचे बाबा संत्र्यांचे व्यापारी. एम.एस्सी.ला पहिली आलेली, तुझ्याजवळ पीएच.डी. करायची म्हणून आली. मला वाटलं, चला, हा एकटा माणूस थोडा हलेल. ती हुशार होती, हात स्वच्छ होता. तुझ्या पेन्सिलीच्या रेषा कोंबडीच्या पायासारख्या, तिच्या रांगोळीसारख्या.

लाट तिलाच दिसली. तुम्ही दोघं जमिनीवर बसला होतात. तिनं निळी रेषा ओढली, हात थांबवला आणि म्हणाली, "सर, इथं काहीतरी आहे."

तू गुडघ्यांवर सरकत गेलास. पोकळीच्या आत, जिथं काही नसायला पाहिजे तिथं, आकडे वरखाली होत होते. एकामागं एक, सारख्या अंतरानं. तू बोटांनी ती अंतरं मोजलीस. मग सांगितलंस की दोन्ही बाजूंनी भरत येणारा वारा मधे एकमेकांवर आपटत असेल आणि त्याची लाट उठत असेल. अशी लाट अजून कोणी दाखवली नाही.

तू नाचायचाच बाकी होतास. सायकल काढून सीताबर्डीला गेलास आणि संत्रा बर्फी घेऊन आलास. गल्लीत घरोघरी वाटलीस. गोदाबाईंनी विचारलं, "काय गा मनोहर, चंद्रावर पाणी भेटलं का?"

"पाणी नाही गोदाबाई, लाट भेटली."

"पाण्याबिगर लाट?"

"तीच तर गंमत आहे."

त्या आठवड्यात तू लेख लिहून काढलास. पहिल्या पानावर तुझं नाव, खाली सुनंदाचं. मला आणून दाखवलंस. मी म्हटलं, "आता पाठव." तू म्हणालास, "हैदराबादची एक फेरी करतो, मंग पाठवतो." मनोहर, त्या फेरीची गरज नव्हती. सगळं झालं होतं. पण तुला स्वतःच्याच कामात खोट काढल्याशिवाय अन्न जात नव्हतं.

परत आलास तो पाय न धुता खाटेवर बसलास.

"काय झालं?"

"लाट आमचीच निघाली."

"म्हंजे?"

"आभाळाले भिंत नसते बाई. आमच्या डब्याले आहे. मशीनमधी जागा कमी म्हणून डबा आखूड केला होता. वारा पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येऊन राह्यला होता. मी भिंत जवळ आणून पाह्यली, तर लाटही जवळ आली."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी हसले. तुला ते फार लागलं. पण मी काय करणार होते? गल्लीभर बर्फी वाटलेली, आणि लाट निघाली घरच्याच भिंतीची. तू जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडलास आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी बर्फी दिली होती त्या प्रत्येक दारात उभा राहून सांगून आलास की लाट खोटी होती. लोकांना काही समजलं नाही. कोणाला वाटलं नोकरी गेली. गोदाबाई म्हणाल्या, "लाट खोटी असन, पण बर्फी तर खरी होती ना बापू?"

त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. तसं मी तुला सांगितलं नाही. पुढं जे झालं त्यामुळं सांगावंसं वाटलं नाही.

कारण त्या दिवसापासून तुझा कशावरच भरवसा राहिला नाही. सुनंदाचं म्हणणं सरळ होतं. लाट खोटी, ठीक. पण भिंतीवरून परत येणारा वारा चंद्राच्या अगदी जवळ पोचत नाही. तिथले आकडे खरे आहेत, तेवढे लिहू. तू म्हणायचास, पोचत नाही असं आपल्याला दिसतं. एकदा असंच लाट आहे असंही दिसलं होतं. मोठी मशीन मिळू दे, भिंत खूप लांब नेऊन बघू, मगच बोलू. मोठ्या मशीनची वाट बघण्यात त्या पोरीची वर्षं गेली. तुझं काय, तुला पगार होता आणि वाढायला मी होते.

संत्र्याच्या हंगामात तिचे बाबा काटोलच्या बसनं यायचे, पिशवीभर संत्री माझ्यापुढं ठेवायचे आणि तुझ्याकडं बघत मला विचारायचे, "काय बाई, पोरगी किती दिवस अजून? तिच्या मागच्या दोघींचे लग्नं झाले. तिले चंद्रावरच पाठवून राह्यले का?" तू मान खाली घालून संत्रं सोलायचास. ते गेले की मी तुला फैलावर घ्यायची. तू म्हणायचास, "बाई, तुले यातलं कळत नाही." मला कळत नव्हतं, खरंच. लाटेतलं, भिंतीतलं मला आजही कळत नाही. पण दारात उभ्या बापाचं तोंड मला कळत होतं, आणि ते कळायला शाळा लागत नाही.

मग परदेशातल्या कोणाचा तरी लेख आला. तोच चंद्र, तीच पोकळी. तू वाचून बाजूला फेकलास. म्हणालास, यानं आपल्याहून आखूड डबा घेतला आणि भिंतीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

मी म्हटलं, "पण त्याचं छापून आलं."

"चूक छापून आली."

"नाव तर त्याचं आलं ना?"

तू माझ्याशी दोन दिवस बोलला नाहीस. मीही बोलले नाही. भाजीत मीठ जास्त टाकलं, तेही तू मुकाट खाल्लंस.

त्यानंतरच्या भांडणाला मी साक्षीदार आहे, म्हणून ते इथं लिहिणं भाग आहे. सुनंदा आपला लेख स्वतः लिहून घेऊन आली होती. भिंतीचं सगळं त्यात होतं. भिंत कुठं आहे, लाट कशी खोटी निघाली, आपण कुठवरचे आकडे देतो आणि पुढचे का देत नाही. तू उभ्यानं वाचलास.

"नाही," तू म्हणालास.

"सर, यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही. पण खरं आहे हेही मले माहीत नाही."

"तसंच लिहिलं आहे सर मी."

"या आकड्यांवर माझं नाव येणार नाही सुनंदा. केव्हाच नाही."

ती पोर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाली, "सर, तुमच्या चंद्राच्या मागं माझं वय चाललं," आणि कागद उचलून गेली. तू दाराकडं पाहत उभा राहिलास. हाक मारायला तुझं तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. मारली नाहीस. मनोहर, एक हाक मारायला कोणती मोठी मशीन लागत होती?

तरी आठ दिवसांनी ती परत आली आणि कागद अंथरून बसली. तिच्या जागी मी असते तर आले नसते.

दवाखान्यात तुला नेलं तेव्हा तू उठशील असंच आम्हाला वाटत होतं. तुलाही वाटत होतं. छातीचं दुखणं कमी झालं की घरी जाऊ, म्हणत होतास. मी उशाशी, सुनंदा पायथ्याशी. तू मला म्हणालास, "बाई, पेटी कोणाले देऊ नको."

"सुनंदा मागन तर?"

"तिलेही नको. मी आलो की पाहू. दिल्लीले मोठी मशीन येऊन राह्यली म्हणते."

सुनंदा खिडकीबाहेर पाहत होती. तिनं ऐकलं हे मला ठाऊक होतं, तुलाही ठाऊक होतं. मला तुझी कीव आली नाही, संताप आला. आजारी माणसाला काय बोलणार, म्हणून गिळला. आज तो बाहेर येतो आहे, तर येऊ दे.

तू आला नाहीस.

पुण्यानुमोदनाला गल्ली आली, कॉलेज आलं, भन्तेजींनी त्रिसरण दिलं. सुनंदा सकाळपासून होती. तिनं पाणी दिलं, कपबशा विसळल्या, सतरंज्या उचलल्या. पेटीचं नाव काढलं नाही. तुझ्याच कॉलेजातले दुसरे एक सर तिला पुढं न्यायला तयार झाले होते, पण तुमचं गणित फक्त त्या कार्डांत होतं. कार्डं नाहीत तर तिला पहिल्यापासून सुरुवात करायची होती, आणि तेवढा वेळ तिच्याजवळ उरला नव्हता. बाबांनी निरोप धाडला होता की या हंगामापर्यंत थांबतो, मग काटोलला ये.

मी दोन आठवडे वाट पाहिली. तिनं मागितली असती तर मला तुझं बोलणं पुढं करता आलं असतं. ती मागत नव्हती. शेवटी मीच म्हटलं, "पेटी न्यायची का नाही?"

"सर नको म्हणाले होते."

"तो घरी येणार होता म्हणून नको म्हणाला. येणारा माणूस म्हणते, माझं ताट झाकून ठेवा. तो आलाच नाही, तर ताट किती दिवस झाकायचं? उचल."

हा माझा निवाडा आहे. तुझी इच्छा मोडली असं मी मानत नाही. तू जे बोललास ते परत येण्याच्या बोलीवर बोललास. बोली तू मोडलीस.

तिनं रिक्षा आणली. आम्ही दोघींनी धरून पेटी उचलली. अर्धा कडुनिंब सांडला.

ती हैदराबादला जाऊन आली. चंद्राजवळचे आकडे पुन्हा काढले, भिंत तीन ठिकाणी ठेवून पाहिली, ते आकडे हलले नाहीत. नवे सर म्हणाले, लिही. मग ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बाई, प्रबंध माझा राहील, पण एक लेख छापायला पाठवते आहे. त्याच्यावर सरांचं नाव पहिलं टाकते. गणित त्यांचंच आहे."

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मनोहर, एवढी वर्षं मी त्याचीच वाट पाहिली होती. कोणी अडवणारं नव्हतं. तू नव्हतास. नव्या सरांची हरकत नव्हती. ती पोर तर हात जोडून विचारत होती. एक शब्द बोलले असते तर तुझं नाव परदेशात छापून आलं असतं, आणि मी ते ओळखलं असतं.

पण ते भांडण तू दवाखान्यात केलं नव्हतंस. तेव्हा तू चांगला धडधाकट होतास, दोन पायांवर उभा होतास, डोकं शाबूत होतं. "केव्हाच नाही" असं म्हणाला होतास. त्याला कसली बोली नव्हती. आणि मी तुला ओळखते. बर्फी परत घेता येत नाही म्हणून दारोदार गेलेला माणूस तू.

"नको टाकू," मी म्हटलं.

सुनंदा रडली. तू गेलास तेव्हा रडली नव्हती एवढी रडली. "असं कसं बाई? मंग सर राह्यले कुठं यात? मी चोरल्यासारखं होते."

मी तुझ्यावर चिडलेली होते, ते तिच्यावर निघालं. "मंग लिही ना, सर नाही म्हणत होते म्हणून! लिही, ते असते तर त्यांनी सही केली नसती!"

ती रडता रडता थांबली. डोळे पुसले आणि पेन मागितला.

परवा टाइप करून घेऊन आली. लेखाच्या शेवटी आभार असतात, तिथं तुझं नाव आहे. तिनं मला मराठीत सांगितलं ते असं: हे गणित मुळात त्यांचं आहे. डब्याच्या भिंतीवरून परत येणारी लाट त्यांनी शोधली आणि स्वतःच खोटी ठरवली. इथं दिलेले आकडे त्यांना मान्य नव्हते, आणि त्यांचा आक्षेप आम्ही पूर्ण मिटवू शकलो आहोत असं नाही.

"असं छापतात का गं?"

"नाही छापत. नवे सर काढा म्हणाले. मी नाही म्हटलं."

"त्याचीच चेली तू."

ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "वाचून लोक म्हणतील, हे सर फार हट्टी होते."

"तर काय खोटं म्हणतील?"

मला पाहिजे होतं ते हे नव्हतं. मला तुझं नाव वर पाहिजे होतं, पहिलं, ठळक. मिळालं ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, आणि तेही नाही म्हणणारा माणूस म्हणून. एवढ्यासाठी एवढं आयुष्य घातलंस. दुसऱ्या कोणाच्या भावानं असं केलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं. तुलाही म्हणते.

त्या कागदावर मी तुझं नाव शोधलं. चष्मा लावून, बोट फिरवत. सापडलं. सगळी अक्षरं बरोबर आहेत.

सुनंदानं विचारलं, "बाई, ठीक आहे ना? अजून एकदा तपासू का?"

मी म्हटलं, "पाठव."